पाळीव प्राण्याच्या फोटोची तयारी दहा दिवस आधी सुरू करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की पुण्या-मुंबईत कुत्र्या-मांजरांच्या फोटोसेशनच्या जाहिराती झळकू लागतात. पणत्या, तोरण, जरीचा कुर्ता, अर्धा तास, दहा फोटो. दर असतो, वेळ असते, पडद्यांचे रंग असतात. प्राण्याला काय तयारी करून आणायचे याची मात्र बहुधा एक ओळही नसते. आम्ही या कामातली माणसे आहोत. कोणी फोटो काढतो, कोणी ग्रूमिंग करतो, कोणी प्राण्यांना शिकवतो. बिघडलेले सेशन सहसा कॅमेऱ्यामुळे बिघडत नाही. आदल्या दिवशी कापलेले केस, तासाभरापूर्वीचे भरपेट जेवण, पायाखाली सरकणारा पार्श्वभूमीचा कागद आणि चारही बाजूंनी हाका मारणारे घरचे लोक, यांतच ते बिघडते. हे सगळे टाळता येते, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

पहिली गोष्ट तारखेची. सेशन वसुबारसेच्या किमान आठवडाभर आधी उरकावे. एकदा फटाके सुरू झाले की कित्येक कुत्री दिवसचे दिवस दबकून राहतात. शेपटी पायांत, कान मागे, खाण्यावर लक्ष नाही, अशा कुत्र्याचा फोटो कोणालाही चांगला काढता येणार नाही. आणि तेव्हा त्याला घराबाहेर नेऊही नये.

केस कापायचे असतील तर सात ते दहा दिवस आधी. ताज्या कापणीत कात्रीच्या पायऱ्या दिसतात, त्या बसायला आठवडा लागतो. शिह त्झू, ल्हासा, गोल्डन रिट्रीव्हर अशा लांब केसांच्या कुत्र्यांना आंघोळ आदल्या दिवशी घालावी, पण त्याआधी सगळा गुंता विंचरून काढावा. गुंता तसाच ठेवून पाणी घातले की तो आवळतो आणि मग कापल्याशिवाय निघत नाही. आंघोळीनंतर मुळापर्यंत कोरडे करावे. आतला थर ओलसर राहिला तर कातडी लाल होऊन खाज सुटते आणि ऐन सेशनमध्ये कुत्रा खाजवत बसतो. लॅब्राडॉर, बीगल किंवा आपला गावठी कुत्रा यांचे गणित वेगळे. आंघोळीने त्यांचे मेलेले केस सुटे होतात आणि दोन दिवस गळत राहतात, म्हणून त्यांना दोन-तीन दिवस आधी न्हाऊ घालून रोज पाच मिनिटे रबरी ब्रश फिरवावा. चमक त्या ब्रशने येते. खोबरेल तेल चोळले की केसांच्या बटा चिकटतात आणि प्रकाशात कुत्रा ओला दिसतो. माणसांचा शाम्पू वापरू नये, आपल्या आणि कुत्र्याच्या कातडीची आम्लता सारखी नसते. टाल्कम पावडर आणि अत्तर तर नकोच.

गोचीड-पिसवांचे औषध मानेवर थेंबाथेंबाने लावत असाल तर ते आठवडाभर आधी लावून टाका. त्या जागी तेलकट डाग राहतो आणि मानेवरचा तो चपटा पट्टा फोटोत ठळक येतो. शिवाय अशा बहुतेक औषधांच्या आधी-नंतर ४८ तास आंघोळ घालायची नसते, म्हणजे आंघोळीचे वेळापत्रकही त्यावरच ठरते. नखे तीन-चार दिवस आधी कापावीत. काळ्या नखात आतली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून एकदम न कापता थोडे थोडे. रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर दाबून पाच मिनिटे धरावे. सेशनच्या सकाळी नखे कापली तर कुत्रा दिवसभर कोणाला पायाला हात लावू देत नाही.

डोळ्यांच्या कोपऱ्यातली घाण घरी नजरेत भरत नाही, मोठ्या लेन्समधून मात्र स्पष्ट दिसते. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून हलकेच पुसावी. पांढऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांखालचे तांबूस डाग एका दिवसात जात नाहीत. त्यावर लिंबू किंवा पेरॉक्साइड लावू नका, तो डाग फोटो काढल्यावर संगणकावर फिका करता येतो. गळ्यातला रुंद पट्टा आदल्या रात्री घरात काढून ठेवा, नाहीतर केसांवर वळ राहतो. रस्त्याने आणताना हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, घाला, आणि तो स्टुडिओचे दार बंद झाल्यावरच उतरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके हेच कोणी करत नाही. ते म्हणजे चटईचा सराव. घरातली एक छोटी सतरंजी किंवा बाथमॅट घ्या, साधारण दोन फूट बाय तीन फूट. रोज दोनदा, एका वेळी तीन ते पाच मिनिटे, त्याहून जास्त नाही. पहिले दोन दिवस तिच्यावर फक्त खाऊ टाका, कुत्रा आपणहून तिथे येऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्यावर बसला की पाच सेकंद थांबून खाऊ. मग दहा, वीस, तीस सेकंद. तीस सेकंद जमले की तुम्ही मागे सरका. सहा फुटांपर्यंत गेलात तरी तो बसून राहिला पाहिजे, कारण स्टुडिओत फोटोग्राफर साधारण तेवढ्या अंतरावर असतो. सहाव्या दिवसापासून चटईखाली पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद पसरा, म्हणजे पायाखाली कागद वाजायची सवय होते. त्यानंतर दहा फुटांवर छत्री उघडून ठेवा. ती उघडतानाचा फटकन होणारा आवाज त्याने ऐकू नये, आधी नुसती उघडी छत्री पाहू दे. दिव्यांपुढची पांढरी छत्री आणि प्रकाश मऊ करणाऱ्या सॉफ्टबॉक्सचा काळा डबा कुत्र्याला तितकाच परका असतो. लेन्सचेही तसेच. समोरून रोखलेला मोठा गोल डोळा कुत्र्याच्या भाषेत दटावणी असते. म्हणून शेवटचे दोन दिवस मोबाईल किंवा कॅमेरा चेहऱ्यासमोर धरून त्याला खाऊ द्या. मग हीच चटई न धुता स्टुडिओत आणा. तिला घरचा वास असतो, आणि परक्या जागेत त्याला ओळखीचे तेवढेच असते.

हुकमाचे शब्द एकच ठेवा. आजी 'बस' म्हणते, मुले 'सिट' म्हणतात, बाबा 'खाली बस' म्हणतात, तिथे फोटोग्राफरने चौथा शब्द वापरला तर कुत्रा गोंधळतो. कोणता शब्द चालतो हे कागदावर लिहून द्या. कुत्र्याचे नावही जपून वापरा. तीसदा हाक मारल्यावर कान हलायचे थांबतात, आणि उभारलेले कान तर फोटोत हवेच असतात. त्याच्या आवडीचा एखादा शब्द, 'फिरायला', 'गाडी', जो असेल तो, शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवा. खेळण्याची शिट्टी, वेफरच्या पाकिटाची चुरचुर, बिस्किटाच्या डब्याचे झाकण, असे चार-पाच वेगवेगळे आवाज जवळ असू द्या. एक आवाज तीन-चार वेळाच काम करतो. आवाज करणाऱ्याने लेन्सला चिकटून उभे राहावे. तो दोन हात बाजूला असला तर कुत्र्याची नजर तिकडे जाते. बोलणारा माणूस एकच, बाकीच्यांनी बाहेर बसावे. हे सांगायला अवघड वाटते, पण त्याने फार फरक पडतो.

खाऊ म्हणजे बिनमिठाचे उकडलेले चिकन, शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेले रताळे, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून. दहा किलोच्या कुत्र्याला तासाभरासाठी ४० ग्रॅम पुरतात, आणि तेवढे रात्रीच्या जेवणातून कमी करावे. बिस्किटाचा चुरा ओठांना चिकटतो, त्यापेक्षा हे बरे. खाऊ दिल्यावर दहा सेकंद थांबावे, म्हणजे ओठ चाटून होतात, लाळ पुसता येते. सणाच्या घरात एक धोका असतो: लाडवावरचा बेदाणा. बेदाणे आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात. चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेले पीनट बटरही नको.

सेशनच्या चार तास आधी नेहमीच्या निम्मे जेवण द्यावे, गाडीत उलटी करणाऱ्या कुत्र्याला त्याहूनही कमी. पाणी कधीही तोडू नये. सकाळी तीस-चाळीस मिनिटे फिरवून आणावे, पण सेशनच्या तासभर आधी ते संपलेले असावे, नाहीतर जीभ लोंबलेलीच राहते. ऊन असेल तर रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही सोसवत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांसाठी खोली आधीपासून २२ ते २४ अंशांवर गार करून ठेवायला सांगा. जुन्या हॅलोजन दिव्यांखाली त्यांना बसवूच नये, धापा टाकूनही त्यांना अंगातली उष्णता पुरेशी बाहेर टाकता येत नाही.

स्टुडिओने काय करायचे, तेही सांगतो, कारण ग्राहकाने ते मागितले पाहिजे. पार्श्वभूमीच्या कागदाचा गुंडाळा नऊ फूट रुंद असतो. तो नुसता लादीवर पसरला की नखांखाली सरकतो आणि फाटतो. खाली योगामॅट हवी, कडा चिकटपट्टीने पक्क्या हव्यात. कुत्र्याला टेबलावर बसवायचे तर वर रबरी मॅट आणि हाताच्या अंतरावर एक माणूस, नेहमी. दोर सोडू नये. पार्श्वभूमीच्या रंगाचा बारीक दोर बांधावा, आणि कॅमेऱ्याची तिपाई न हलवता रिकाम्या जागेचा एक फोटो आधीच काढून ठेवावा, म्हणजे नंतर दोर पुसणे सोपे जाते. फ्लॅशचा 'बीप' बंद असावा. कुत्रा आत आल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे त्याला हुंगू द्यावे, आणि तो खाऊ खात असताना फ्लॅश भिंतीकडे तोंड करून पाच-सहा वेळा उडवावा. फिट येणाऱ्या कुत्र्यासाठी फ्लॅश न वापरता खिडकीचा किंवा सतत जळणारा एलईडी प्रकाश घ्यावा. कॅमेऱ्यावरच बसवलेला फ्लॅश नकोच. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे सरळ मारलेल्या फ्लॅशने डोळे हिरवे-पिवळे चमकतात. प्रकाश बाजूने आला की हे होत नाही.

काळ्या कुत्र्याबद्दल दोन शब्द, कारण त्याचीच तक्रार जास्त येते. कॅमेरा काळ्याला करडे करू पाहतो, म्हणून फोटोग्राफरला प्रकाशाची मात्रा थोडी उतरवावी लागते, आणि केसांचा पोत दिसण्यासाठी मोठा, मऊ प्रकाश बाजूने घ्यावा लागतो. पांढऱ्या पोमेरेनियनचे उलट. मात्रा वाढवायची, आणि पडदा गडद निळा किंवा हिरवा ठेवायचा. पांढऱ्यावर पांढरा हरवतो. लांब तोंडाचा कुत्रा, म्हणजे आपल्या मराठवाड्याकडचा कारवान किंवा पश्मी, समोरून घेतला तर डोळा स्पष्ट आणि नाक धूसर येते. लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ च्या आसपास ठेवले की दोन्ही जमतात. या पातळ अंगाच्या कुत्र्यांना कडक जमिनीवर बसणे आवडत नाही, त्यांना उभेच घ्यावे.

फोटोत कुत्रा 'हसतोय' असे सगळे म्हणतात, त्यातले बरेच हसू ताणाचे असते. ओठांचे कोपरे मागे खेचलेले, जिभेचे टोक रुंद झालेले, डोळ्यांतला पांढरा भाग दिसणारा, अशी धाप उकाडा नसतानाही चालू असेल तर कुत्रा घाबरलेला आहे. खाऊ नसताना ओठ चाटणे, पुन्हा पुन्हा जांभई, एक पंजा उचलून धरणे, मान वळवणे, अंगाचा भार मागे टाकणे ही त्याचीच चिन्हे. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवून पाच मिनिटे बाहेर नेऊन आणावे. पुन्हा तसेच झाले तर त्या दिवशी थांबावे. गुरगुरल्याबद्दल रागावू नये. ती सूचना असते. ती दाबली तर पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावतो. लहान मुलाने कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून गालाला गाल लावायचा, ही फर्माईश तर नाकारलीच पाहिजे. मूल शेजारी बसावे, दोघांमध्ये वीतभर अंतर असावे. कॅमेरा जरा बाजूला सरकवला की फोटोत ते अंतर मिटते. सगळे मिळून तीस-चाळीस मिनिटे, त्यात फोटो काढणे तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत.

मांजराला शक्यतो स्टुडिओत नेऊच नये. मांजराचे घर म्हणजे त्याचा प्रदेश. तिथेच, खिडकीच्या तिरक्या उजेडात, उत्तम फोटो मिळतात. फोटोग्राफर येण्याआधी सोफ्याखालची आणि कपाटामागची जागा उशा लावून बंद करावी, खिडक्यांना जाळी आहे का पाहावे, माळ्याचे दार लावावे. फोटोग्राफरने जमिनीवर बसून अर्धा तास काहीच करू नये. मांजराकडे टक लावून पाहू नये. पाहिलेच तर डोळे सावकाश मिटावेत, ते मांजराला स्नेहाचे वाटते. अंधुक उजेडात बाहुली मोठी काळी होते, प्रखर उजेडात तिची रेघ होते. डोळ्यांचा हिरवा-पिवळा रंग हवा असेल तर या दोहोंमधला उजेड निवडावा. पिसाचे खेळणे लेन्सच्या वर धरावे आणि शेवटी ते मांजराला पकडू द्यावे. लेझरचा ठिपका पकडताच येत नाही, मांजर नुसते चिडते. आंघोळ बहुतेक मांजरांना लागत नाही, रोज ब्रश पुरे. पर्शियनचा चेहरा तेवढा ओल्या कापसाने पुसावा. मिशा कापू नयेत; काही ठिकाणी 'नीट दिसावे' म्हणून त्या छाटतात, ते चूक आहे. स्टुडिओत न्यायचेच असेल तर पिंजरा दहा दिवस आधी खोलीत उघडा ठेवावा, जेवण त्यातच द्यावे, आत अंथरायला घरातला वापरलेला टॉवेल ठेवावा, आणि स्टुडिओत पिंजऱ्याचे दार उघडून मांजर स्वतः बाहेर येईपर्यंत थांबावे. मानगूट धरून बाहेर ओढलेल्या मांजराचा त्या दिवशी फोटो होत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाची खांदेमळणी होते. त्याला जुंपत नाहीत, खांदा शेकून तूप-हळद चोळतात. झूल आणि शिंगांना बेगड दुसऱ्या दिवशी. फोटोसाठीही क्रम हाच असावा: आधी निगा, मग सजावट. कपडा घालायचा असेल तर पाच दिवस आधीपासून रोज दहा मिनिटे घरी घालून पाहावा. गळ्याशी आणि छातीशी दोन बोटे सहज गेली पाहिजेत, डोळे-कान झाकता कामा नयेत. सेशनमध्ये तो सगळ्यात शेवटी, दहा मिनिटांपुरता. झेंडूची माळ चालते. नेपाळमध्ये तिहारच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्यांना अशाच माळा घालतात. फोटो झाल्याबरोबर ती काढावी, दोरा गिळला तर आतड्यात अडकतो. जरीचे, चमकीचे धागे मांजरापासून दूरच. पणती एलईडीची हवी, खरी ज्योत शेपटीला आणि मिशांना लागते. रांगोळीची पूड पंज्यांना लागून चाटली जाते, डोळ्यांत जाते. ती कुत्रा पोहोचणार नाही अशा जागी किंवा छापील असावी. आणि मांजर असलेल्या खोलीत लिलीची फुले आणूच नयेत. सजावटीच्या गुच्छांत ती सर्रास असतात. पाकळी, पराग, फुलदाणीतले पाणी, काहीही पोटात गेले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. फुलाला अंग घासून फरवर पडलेले पराग चाटणेही पुरते.

'एक झोपेची गोळी देऊन आणतो' असे विचारणारे पालक असतात. कृपया देऊ नका. शांत करणाऱ्या काही औषधांनी डोळ्यातली तिसरी पापणी वर येते, नजर मिटमिटते, रक्तदाब उतरतो; चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धोका अधिक. शिवाय कुत्रा गप्प होतो, भीती जातेच असे नाही. फार घाबरणाऱ्या प्राण्याविषयी आधी आपल्या पशुवैद्यांशी बोलावे.

म्हाताऱ्या कुत्र्याला 'बस-ऊठ' करायला लावू नये, जाड गादीवर आडवे पडलेलेच घ्यावे. लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांपर्यंतचे, स्टुडिओत नेऊ नये. पार्व्हो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू लादीवर महिनोन्महिने टिकतो. स्टुडिओने दर प्राण्यानंतर कागदाचा वापरलेला भाग कापून टाकावा, लादी धुऊन एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी दहा मिनिटे ठेवून पुसावी, आणि पूर्ण वाळल्यावरच पुढचा प्राणी आत घ्यावा. पिंजऱ्यातला आपला देशी पोपट घेऊन येणारेही असतात. तो घरात पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्याचे फोटो काढायला स्टुडिओने नकार द्यावा.

आमची स्टुडिओचालकांना विनंती आहे की जाहिरातीत दराशेजारी तयारीच्या चार ओळी छापाव्यात. नोंदणी घेताना लसीकरणाची वही पाहावी, आणि विचारावे: कुत्रा अनोळखी माणसाकडून खाऊ घेतो का, फिट येते का, मादी माजावर आहे का. पहिल्या वीस मिनिटांत प्राणी रुळला नाही, तर जास्तीचे पैसे न घेता दुसरी तारीख द्यावी, आणि हे पावतीवर लिहून द्यावे.

आपले,
पाळीव प्राण्यांचे छायाचित्रण, निगा आणि प्रशिक्षण या कामांतील काही व्यावसायिक, पुणे